पुण्याचे सर, ठाण्याचा खंडू

"ऐकलंस का गं, कोपऱ्यावरच्या टॉवरमधल्या त्या धाकट्याला अकॅडमीतून काय सांगितलं? म्हणे एक तर क्रिकेट सोड, नाहीतर बॅडमिंटन. दोन्ही चालायचं नाही."

काकू वालाच्या शेंगांचं सूप घेऊनच कुंपणाशी आल्या होत्या. शेंगा भरपूर होत्या, म्हणजे विषयही लवकर आटपणारा नव्हता. नवघरला आता बैठी घरं फारशी उरली नाहीत. आमची दोन तेवढी टॉवरच्या सावलीत तग धरून आहेत आणि दोन्हींच्या मधे हे मेंदीचं कुंपण, ज्याच्यावरून भाईंदर पूर्वेची निम्मी बातमीदारी चालते.

"किती वर्षांचा आहे तो?" मी विचारलं.

"अकरा. अजून बुटाची नाडी आई बांधते. आणि म्हणे करिअर ठरवा."

"अहो काकू, हल्ली तसंच असतं. एकच खेळ धरायचा आणि सगळं त्यातच घालायचं."

"सगळं म्हणजे पैसे ना? दोन अकॅडम्या, दोन फिया. कोणाची बुडणार एवढाच काय तो प्रश्न. मी कुठे बोलत नाही हं, तुला म्हणून सांगते." हे काकूंनी सकाळपासून दूधवाल्याला, फुलवालीला आणि इस्त्रीवाल्यालाही 'तुला म्हणूनच' सांगितलेलं होतं. "आमच्या देवधर सरांसमोर येऊन बोलायला हवं होतं कुणी हे असलं."

झालं. काकूंचं माहेर सदाशिव पेठेतलं, टिळक रोडवरच्या एस. पी. कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर. भाईंदरला मिठागरांचे पांढरे ढीग दिसायचे तेव्हा त्या लग्न होऊन इकडे आल्या. पण त्यांच्या गप्पांची गाडी आजही पुणे स्टेशनवरूनच सुटते.

"देवधर म्हणजे ते देवधर ट्रॉफीवाले?"

"ट्रॉफीवाले काय गं! ट्रॉफी त्यांच्या नावाची. 1973 साली क्रिकेट बोर्डाने सुरू केली, विभागाविभागांच्या वन-डे सामन्यांची. आणि सर तेव्हा हयात होते, ऐंशी ओलांडलेली, पण हयात. आपल्याकडे आधी माणूस जावा लागतो, मग हार, मग नाव. यांचं नाव कपाला लागलं आणि त्यानंतर वीस वर्षं ते स्वतः बघत राहिले कोण जिंकतंय ते."

"क्रिकेटचे कोच होते ना कॉलेजात?"

काकूंनी शेंग मधेच थांबवली. "संस्कृतचे प्राध्यापक होते. दिनकर बळवंत देवधर. प्रोफेसर देवधर म्हणायचे सगळे. क्रिकेट हे त्यांच्या पगाराचं काम नव्हतंच कधी."

"संस्कृत?"

"संस्कृत. वर्गात व्याकरण, मैदानावर बॅट. आता सांग, कुठल्या एका खेळाला धरलं होतं त्यांनी?"

मला कबूल करायला हवं की देवधर हे नाव मला वर्तमानपत्रातल्या धावफलकाच्या मथळ्यापुरतंच माहीत होतं. त्यामागे एक संस्कृतचा मास्तर उभा असेल असं कधी वाटलं नव्हतं. काकूंनी मग कॉलेजचाही इतिहास काढला. 1916 साली 'न्यू पूना कॉलेज' म्हणून निघालं, पुढे जमखंडीच्या पटवर्धनांची देणगी आली आणि सर परशुरामभाऊंचं नाव लागलं, वगैरे. तो भाग मी ऐकल्यासारखं केलं. माहेरच्या इमारतींची वर्णनं सगळ्यांची सारखीच असतात.

"पण काकू," मी म्हटलं, कारण माझंही माहेर काही कमी नाही, "दोन खेळ खेळणाऱ्यांत आमचे ठाण्याचे खंडू रांगणेकर घ्या ना. दादोजी कोंडदेव स्टेडियमला गेलात तर बॅडमिंटनच्या हॉलवर नाव बघा, खंडू रांगणेकर. आणि माणूस कोण? कसोटी क्रिकेटपटू! 1947-48 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर तीन कसोट्या खेळलेला, डावखुरा, कव्हरला चेंडू अडवायला असा की फलंदाज तिकडे मारायचंच टाळायचे. बॅडमिंटनही तितकंच झपाट्याने खेळायचा. पुढे क्रिकेटच्या कारभारातही होता. त्याला कोणी म्हणालं असतं का, एक सोड?"

"हो का? आणि तो तुझा खंडू रणजी पहिल्यांदा कुणाकडून खेळला?"

"मुंबईकडून असेल."

"महाराष्ट्राकडून. मुंबई नंतर, होळकर नंतर. आणि महाराष्ट्राचे कप्तान कोण होते तेव्हा?"

मी गप्प बसले. काकूंनी सुपातल्या किडक्या शेंगा वेचून बाजूला टाकल्या, मुद्दाम सावकाश.

"कप्तान देवधर सर होते, अठ्ठेचाळीस वर्षांचे. 1939-40 साली रणजी जिंकले, पुण्यात, संयुक्त प्रांताला हरवून. लगेच पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले, या खेपेला मद्रासला जाऊन मद्रासलाच हरवून. आणि त्यांच्या हाताखालची पोरं बघ. सांगलीचा विजय हजारे, चोवीस वर्षांचा. त्याने 1939-40 च्याच हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या. सोहनी, सरवटे, तुझा खंडू, सगळी विशी-बाविशीतली. कप्तानाच्या निम्म्या वयाची पोरं! त्यांच्यातले पुढे कसोटीपर्यंत गेले की नाही? सगळे गेले."

"म्हणजे कप्तान कसला, मास्तरच."

"तेच तर. मास्तरला पोरं ओळखता येतात. कोण वर्गात बसतं पण लक्ष देत नाही, कोण लक्ष देतं पण उत्तर येत नाही, हे वर्षानुवर्षं समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही गं. तिकडे संघ निवडायचा म्हणजे आणखी काय असतं?"

हे काकूंचं स्वतःचं मत आणि मला ते पटलं. पण मी लगेच होकार दिला नाही, कारण काकूंना लगेच होकार दिला तर त्या तेच पुन्हा तिघांना माझ्या नावावर सांगतात.

"वय मात्र जास्तच होतं हो," मी म्हटलं.

"वयाचं काढू नकोस! वयावरून तर सगळी गंमत आहे." काकू कुंपणावर जरा ओणवल्या, आवाज खाली आला. काकूंचा आवाज खाली आला की समजायचं, आता शंभर वर्षांपूर्वीची का होईना, पण खरी भानगड येणार. "1926 साली विलायतेहून एम. सी. सी. आली होती, गिलिगन कप्तान. मुंबई जिमखान्यावर भारताच्या संघातून देवधर खेळले आणि 148 केल्या. साहेबांपेक्षा आपल्या धावा जास्त झाल्या पहिल्या डावात. त्याच दौऱ्यात सी. के. नायडूंनी हिंदूंकडून 153 केल्या होत्या. त्या दोन खेळींनंतर लोक म्हणायला लागले, आपल्यालाही कसोटी खेळायला हवी. बरोबर?"

"बरोबर."

"मग 1932 उजाडलं. भारताचा संघ पहिल्यांदा कसोटी खेळायला विलायतेला निघाला. नायडू गेले, लॉर्ड्सवर कप्तानही झाले. देवधर? घरी."

"का?"

"वय झालं म्हणे. चाळीस!" काकूंनी 'चाळीस' हा शब्द असा उच्चारला की जणू कुणी सासऱ्यांचा अपमान केला होता. "नायडूंपेक्षा किती मोठे होते? पावणेचार वर्षांनी. त्यात एक जवान आणि दुसरा म्हातारा! कुठला हिशेब गं हा? कसोटी सामना एकही मिळाला नाही सरांना आयुष्यात, एकही नाही."

"वाईट वाटलं असेल."

"ते त्यांनाच ठाऊक. पण करून काय दाखवलं बघ. म्हातारा म्हणून घरी बसवलं त्यानंतर आठ वर्षांनी मुंबईविरुद्ध 246. मुंबईविरुद्ध हं, ऐऱ्यागैऱ्या संघाविरुद्ध नव्हे. आणि 1944 साली, बावन्न वर्षांचे असताना, पुण्यात नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं. 105 आणि 141. बावन्न! आपले हे बावन्नाव्या वर्षी पिशवी घेऊन स्टेशनवरून चालत आले तरी कंबरेला बाम लागायचा."

"ऐकू येतंय मला," आतून काकांचा आवाज आला.

"ऐका ना मग, तुमच्यासाठीच बोलतेय."

मी मनात आकडे मांडत होते. 1911 साली पहिला मोठा सामना, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्याही आधी. दुसरं महायुद्ध संपलं तरी हे खेळतच. प्रथम श्रेणीचे 81 सामने, साडेचार हजारांवर धावा. आजचा खेळाडू एका हंगामात जितके सामने खेळतो त्या मानाने हे फार नाही, पण तेव्हा सामनेच किती असायचे? रणजी स्पर्धाच मुळी 1934 साली सुरू झाली, तेव्हा देवधर बेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे ज्या स्पर्धेने त्यांचं नाव झालं ती स्पर्धा, इतर लोक निवृत्त होतात त्या वयात त्यांच्या वाट्याला आली.

"आणि मग कारभारात गेले का?" मी विचारलं. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये कोणीही काहीही सुरू केलं की दुसरा प्रश्न हाच असतो. मैदानाचा असो नाहीतर गणपतीचा, अध्यक्ष कोण?

"गेले की. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष होते, बोर्डाचे उपाध्यक्ष होते. आणि ऐक, निवड समितीवर होते!"

"ज्यांना वयावरून वगळलं तेच निवडायला बसले?"

"तेच."

"मग सूड घेतला असेल."

"सूड कसला घेतायत. संस्कृत शिकवणारा माणूस सूड घेतो का?"

"महाभारत संस्कृतातच आहे, काकू."

काकू हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "मला विचारशील तर खुर्चीत असाच माणूस हवा. ज्याने स्वतः घाम गाळलाय, ज्याला स्वतःला एकदा वगळलंय. आता बघ ना, कुठल्याही असोसिएशनची यादी काढ. अध्यक्षाने जन्मात धाव घेतली असेल तर ती 8:15 ची लोकल पकडायला." यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, कारण आमच्या परिसरातल्या एका अशाच अध्यक्षांच्या बायकोशी आम्हा दोघींची ओळख आहे. तो विषय आम्ही तिथेच सोडला. कुंपणाला कान असतात असं नाही, पण समोरच्या टॉवरला बाल्कन्या असतात.

काका बाहेर आले. हातात चहाचा रिकामा कप, म्हणजे निमित्त. "तुम्ही दोघी पुणं-ठाणं करताय, पण मला सांगा, कांदिवलीचं नाव का घेत नाही कोणी? भाईंदरहून चौथं स्टेशन."

"कांदिवलीत काय आहे?" मी विचारलं.

"1938 साली मुंबई सरकारने तिथे शारीरिक शिक्षणाची ट्रेनिंग इन्स्टिट्यूट काढली. पी. टी. चे मास्तर तयार करायची. प्राचार्य पी. एम. जोसेफ, केरळचे. ते शिकले मद्रासच्या वाय. एम. सी. ए. कॉलेजात. ते कॉलेज 1920 साली हॅरी बक नावाच्या अमेरिकन माणसाने काढलं होतं, पाच विद्यार्थ्यांवर. हा बक 1924 साली पॅरिस ऑलिंपिकला भारताची टीम घेऊन गेला होता. तेव्हा आमच्या पी. टी. च्या सरांची वंशावळ बघा, बक, मग जोसेफ, मग आमचे सर."

"आणि मग तुम्ही, पिशवी उचलता येत नाही असे," काकू म्हणाल्या.

काकांनी दुर्लक्ष केलं. त्यांना त्याची सवय आहे. "आमचे सर कांदिवलीला शिकून आलेले. एकटा माणूस, पण लेझीम तेच घ्यायचे, कबड्डी तेच, गोळाफेक तेच, आंतरशालेय सामन्यांचे अर्ज तेच भरायचे आणि शिट्टीही त्यांचीच. जोसेफ पुढे ग्वाल्हेरला गेले. 1957 साली, सत्तावनच्या लढ्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, झाशीच्या राणीच्या नावाने सरकारने तिथे शारीरिक शिक्षणाचं राष्ट्रीय कॉलेज काढलं, त्याचे पहिले प्राचार्य तेच. कांदिवलीची सगळी शिस्त तिकडे नेली असणार. पण त्यांचा कुठे कप आहे? कुठे हॉल आहे? खेळाडूच्या नावाचा हॉल होतो, पी. टी. च्या मास्तरच्या नावाचा होत नाही."

खरं सांगायचं तर काकांच्या या बोलण्यावर मला उत्तर सुचलं नाही. देवधरांचं नाव कपाला लागलं ते मास्तर म्हणून नव्हे, खेळाडू म्हणून. रांगणेकरांचं हॉलला लागलं तेही तसंच. ज्यांनी मास्तर घडवले त्यांच्या वाट्याला फार तर एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या अंगणातली ही चार वाक्यं. तशी माणसं दर गावात असतात, पण त्यांची आकडेवारी कोणी ठेवत नाही.

काकूंना मात्र अजून पुणं संपवायचं नव्हतं. "अगं, मुख्य गोष्ट राहिलीच. सरांच्या मुली!"

"मुली?"

"तारा, सुंदर आणि सुमन. तिघीही बॅडमिंटनपटू, तिघीही राष्ट्रीय दर्जाच्या. चाळीसच्या दशकात देशातलं बायकांचं बॅडमिंटन म्हणजे देवधर भगिनी. एकाच घरात बाप रणजीचा कप्तान आणि पोरी बॅडमिंटनच्या विजेत्या. आता सांग त्या अकॅडमीवाल्याला, एक खेळ धर म्हणून!"

हे ऐकून मला देवधर सरांबद्दल पहिल्यांदाच खरा आदर वाटला. शतकं अनेकांनी ठोकली. पण त्या काळात तीन मुलींच्या हातात रॅकेट देऊन त्यांना स्पर्धांना पाठवायचं म्हणजे शेजारपाजारच्या कुंपणांवर काय काय बोललं गेलं असेल, याची कल्पना आम्हा दोघींपेक्षा कुणाला जास्त असणार? त्यांच्या काळच्या 'काकू' काय गप्प बसल्या असतील?

पण मी तेवढ्यावर सोडलं नाही. "मुलींना क्रिकेट का नाही शिकवलं हो त्यांनी? बॅट तर घरातच होती."

काकू क्षणभर अडखळल्या. "तेव्हा कुठे होतं बायकांचं क्रिकेट? कुणाशी खेळणार होत्या?"

"तेही खरं. बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती 1973 ला."

"पुण्यात," काकू तत्परतेने म्हणाल्या.

"पुण्यातच, मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश एवढ्या तीनच टीम. म्हणजे ज्या वर्षी सरांच्या नावाची ट्रॉफी निघाली त्याच वर्षी. सरांच्या मुली तोपर्यंत पन्नाशीच्या आसपास आल्या असतील."

"पन्नाशी म्हणजे काय वय आहे का! बाप बावन्नाव्या वर्षी दोन शतकं काढतो."

यावर काकासुद्धा हसले.

"पण काकू, एक राहिलंच," मी म्हटलं, कारण ठाणेकर गप्प बसून हरत नाही, "तुमच्या महाराष्ट्राने त्या दोन रणजींनंतर पुन्हा कधी रणजी जिंकली?"

काकू शेंगा सोलू लागल्या.

"सांगा ना."

"नाही जिंकली अजून."

"1941 पासून! आणि आपल्या मुंबईने? 2024 चं धरून 42. आणि काकू, क्रिकेटच्या नकाशात ठाणं काय, भाईंदर काय, मुंबई असोसिएशनमध्येच येतं. म्हणजे तुम्ही राहता मुंबईत आणि गुण गाता पुण्याचे."

"राहते नवऱ्यामुळे," काकू म्हणाल्या. "मन कुठे राहील ते मला विचारून ठरतं. आणि 42 वेळा जिंकलात, पण अठ्ठेचाळीस वर्षांचा संस्कृतचा मास्तर कप्तान करून एकदा तरी जिंकलात का?"

याला उत्तर नव्हतं. मी विषय बदलला, किती वर्षं जगले विचारलं.

"14 जानेवारी 1892 चा जन्म, आपली संक्रांतीची तारीख. आणि गेले 24 ऑगस्ट 1993 ला, पुण्यातच. म्हणजे एकशे एक. पद्मश्री 1965 ला, पद्मभूषण 1991 ला, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी. आणि आता तू 'आयुष्याचंही शतक' वगैरे म्हणू नकोस, तेव्हा पेपरवाल्यांनी ते म्हणून म्हणून त्याचा चोथा केलाय."

मी तेच म्हणणार होते.

"काकू, पण त्या पोराचं काय? आईने ठरवलंय काही?"

"तिला अकॅडमीच्या सरांचं म्हणणं पटतंय. ते म्हणतात, दोन खेळ केले तर लक्ष विभागतं. मी म्हटलं, लक्ष विभागायला आधी लक्ष तरी असू दे. अकरा वर्षांच्या पोराचं लक्ष अजून आइसफ्रूटच्या गाडीवर असतं. खेळू दे दोन्ही, खेळू दे चार. पंधराव्या वर्षी त्याचं त्यालाच कळेल, हात कुठे वळतो ते."

"आणि नाही कळलं तर?"

"नाही कळलं तर संस्कृत शिकवील. काय वाईट आहे?"

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला ती बाई दिसली, त्या पोराची आई. खांद्याला भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात पोराचं बॅडमिंटनचं किट. काकूंनी सूप माझ्याकडे सरकवलं, पदराला हात पुसले आणि फाटकाकडे निघाल्या.

"काय बोलणार आहात तिला?" मी मागून विचारलं.

"मी काही बोलणार नाही. फक्त विचारणार आहे." आणि फाटक उघडता उघडताच त्यांनी हाक मारली, "अगं ए, तुमचे ते अकॅडमीचे सर, ते स्वतः काय काय खेळतात गं?"